नोंदीचा प्रवास : डिजिटल ग्रंथालयांतील सामायिक मेटाडेटा आणि त्याच्या गुणवत्तेचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याविषयीचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. त्या संग्रहातील एका छायाचित्राची नोंद 'घोड्यावर' एवढीच होती. संग्रह जेथे ठेवला होता तेथे ही नोंद पुरेशी होती. सारा संग्रहच रूझवेल्ट यांचा असल्याने घोड्यावर कोण बसले आहे हे सांगण्याची गरज नोंदकर्त्यास वाटली नाही आणि तेथे येणाऱ्या अभ्यासकासही तो प्रश्न पडला नाही. पुढे हीच नोंद इतर संग्रहांतील असंख्य नोंदींसमवेत एका सामायिक शोधयंत्रणेत जाऊन बसली, तेव्हा तिचा अर्थच हरपला. रूझवेल्ट यांचा शोध घेणाऱ्याला ते छायाचित्र सापडेना आणि घोड्यांचा शोध घेणाऱ्याला ते कोणाचे हे कळेना. हार्वर्डमधील रॉबिन वेंडलर यांनी मांडलेले हे उदाहरण 'घोड्यावरची अडचण' या नावाने ग्रंथालयशास्त्राच्या लेखनात रूढ झाले आहे.

ग्रंथ, लेख, चित्र वा हस्तलिखित यांविषयीची संरचित माहिती, म्हणजे शीर्षक, कर्ता, काल, विषय, स्वरूप इत्यादींची नोंद, तिला संगणकाच्या परिभाषेत मेटाडेटा म्हटले जाते. जुन्या भाषेत सांगायचे तर ही तालिकेतील नोंदच होय. ही नोंद एका संस्थेने तयार करावी आणि इतर अनेक संस्थांनी वापरावी, हा विचार दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे. प्रस्तुत लेखात या विचाराच्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, नोंद वाटून घेण्याचा खर्च जसजसा कमी होत गेला तसतसा तिच्यातील दोषांचा भार नोंद घेणाऱ्यावर आणि अंतिमतः वाचकावर कसा येत गेला, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा भार अधिकच जड झाला आहे, त्याचीही मीमांसा येथे अभिप्रेत आहे.

ज्युएट यांच्या मातीच्या तबकड्या

सामायिक तालिकीकरणाचा पहिला सुस्पष्ट आराखडा चार्ल्स कॉफिन ज्युएट यांनी मांडला. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे ते ग्रंथपाल होते. त्या काळी प्रत्येक ग्रंथालय आपली तालिका ग्रंथरूपाने छापत असे. छपाई पूर्ण होईपर्यंत नवे ग्रंथ दाखल झालेले असत आणि तालिका जुनी होई. पुरवण्या काढाव्यात तर वाचकाला चार ठिकाणी शोधावे लागे, पुन्हा सगळी तालिका छापावी तर खर्च परवडत नसे. ज्युएट यांनी १८५०मध्ये असे सुचवले, की प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीची स्वतंत्र मुद्रण-तबकडी तयार करावी. ही तबकडी स्मिथसोनियनमध्ये जपून ठेवावी. ज्या ग्रंथालयाकडे तो ग्रंथ असेल त्याने आपल्या तालिकेसाठी तीच तबकडी वापरावी. नवे ग्रंथ आले की नव्या तबकड्या मधेमधे बसवाव्यात. अशा रीतीने एका ग्रंथाची नोंद देशात एकदाच होईल आणि सर्व ग्रंथालयांच्या तबकड्या एकत्र मांडल्या की राष्ट्राची संयुक्त तालिका आपोआप उभी राहील.

कल्पना काळाच्या पुष्कळ पुढे होती, साहित्य मात्र त्या काळाचेच होते. धातूऐवजी मातीच्या मिश्रणापासून तबकड्या बनवण्याचा प्रयोग झाला आणि त्या वाकू लागल्या. टीकाकारांनी या योजनेची 'चिखलाची तालिका' म्हणून थट्टा केली. संस्थेचे सचिव जोसेफ हेन्री यांना स्मिथसोनियनने संशोधनसंस्था व्हावे असे वाटत होते, राष्ट्रीय ग्रंथालय नव्हे. या मतभेदात १८५५पर्यंत ज्युएट यांना संस्था सोडावी लागली. पुढे ते बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले.

तथापि ज्युएट यांच्या कामाचा जो भाग टिकला तो तबकड्यांचा नव्हे, नियमांचा होता. १८५२मध्ये त्यांनी तालिकीकरणाचे नियम प्रसिद्ध केले. ब्रिटिश म्युझियममधील अँटोनियो पानिझ्झी यांच्या १८४१च्या ९१ नियमांचा त्यांना मोठा आधार होता. या नियमांमागील ज्युएट यांची भूमिका मात्र स्वतंत्र होती. एका ग्रंथालयापुरती तालिका करताना नोंदकर्त्याला थोडे स्वातंत्र्य घेता येते. आपल्या वाचकाची त्याला ओळख असते आणि चूक राहिली तर ती समोरासमोर निस्तरता येते. जेथे अनेक हात एकाच तालिकेत लिहिणार आहेत तेथे नोंदकर्त्याच्या मर्जीवर शक्य तितके कमी सोडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मेटाडेटाच्या गुणवत्तेविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे लिहिले गेले त्यातील बराच भाग या एका आग्रहाचा विस्तार आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

पत्रकापासून यंत्रापर्यंत

ज्युएट यांचे स्वप्न अर्धशतकानंतर वेगळ्या रूपात साकार झाले. १९०१मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील तालिकापत्रके इतर ग्रंथालयांना विकण्यास प्रारंभ केला. ही सेवा १९९७पर्यंत चालली. पत्रक विकत घेणारे ग्रंथालय एका प्रशिक्षित तालिकाकाराचे श्रम काही पैशांत मिळवत होते. नोंद करणारी संस्था एक होती, नियम एक होते, आणि चूक आढळली तर ती कोणाची हे सर्वांना ठाऊक होते.

संगणकाने हे चित्र बदलले. हेन्रिएट अव्हरॅम यांच्या नेतृत्वाखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'मार्क' हा यंत्रवाचनीय नोंदीचा आराखडा तयार झाला. १९६७मध्ये फ्रेडरिक किल्गूर यांच्या पुढाकाराने ओहायो राज्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांचे केंद्र स्थापन झाले. पुढे 'ओसीएलसी' या नावाने ते जगभर पोचले. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयातून या केंद्राच्या संगणकावर थेट तालिकीकरण सुरू झाले. येथे महत्त्वाचा बदल असा घडला, की नोंद देणारा आणि घेणारा यांतील भेद पुसला गेला. जो घेई तोच देऊही लागला. एकाच ग्रंथाच्या दोन-दोन, चार-चार नोंदी साठू लागल्या. कोणी शीर्षकाचे उपशीर्षक दिले, कोणी गाळले, कोणी आवृत्ती पाहिली नाही. केंद्राने १९८०च्या दशकात निवडक ग्रंथालयांना सामायिक नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार दिला आणि पुढे दुबार नोंदी ओळखणारी संगणकीय व्यवस्थाही उभारली. नोंदी वाटून घेण्यासाठी केंद्र पुरेसे असते, त्या शुद्ध ठेवण्यासाठी मात्र माणसे नेमावी लागतात, हे या काळात स्पष्ट झाले. हा धडा पुढील पिढीने पुन्हा पहिल्यापासून गिरवला.

सोपे दार

१९९०च्या दशकात आंतरजालावर साहित्याचा पूर आला. त्या सगळ्याची मार्क पद्धतीने नोंद करण्यास तालिकाकार पुरे पडणार नाहीत, हे उघड होते. मार्च १९९५मध्ये ओहायोतील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांची एक कार्यशाळा भरली. तेथे ठरलेल्या किमान घटकांची संख्या पुढे पंधरा झाली. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखचिन्ह, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क असे हे पंधरा घटक 'डब्लिन कोअर' या नावाने ओळखले जातात. २००३मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. गावाच्या नावामुळे आयर्लंडच्या राजधानीशी या मानकाचा संबंध जोडण्याची चूक आजही होत असते. मेटाडेटाच्या संदर्भात ही चूक बोलकीच म्हणावी लागेल : स्थळनाम दिले, पण कोणते स्थळ हे सांगितले नाही.

या पंधरापैकी कोणताही घटक अनिवार्य नाही आणि प्रत्येक घटक कितीही वेळा वापरता येतो. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही आपल्या लेखाची नोंद करता यावी, हा यामागील हेतू होता.

दुसरी घटना ऑक्टोबर १९९९मधील. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१मध्ये लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्राच्या पूर्वप्रकाशित लेखांचे संगणकीय भांडार सुरू केले होते. तशी इतर विषयांचीही भांडारे निघाली होती. ती एकमेकांशी जोडावीत या उद्देशाने न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे बैठक झाली आणि तीतून 'मुक्त अभिलेखागार उपक्रम' जन्माला आला. या उपक्रमाचा नोंदी गोळा करण्याचा शिष्टाचार, म्हणजेच 'ओएआय-पीएमएच', जानेवारी २००१मध्ये प्रसिद्ध झाला आणि जून २००२मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. तीच आजतागायत प्रचलित आहे. भांडाराने आपल्या नोंदी उघड्या ठेवायच्या आणि सेवा देणाऱ्या केंद्राने ठरावीक काळाने येऊन त्या उचलून न्यायच्या, अशी ही रचना. या क्रियेला इंग्रजीत कापणी या अर्थाचा शब्द आहे. शब्द समर्पक आहे. कापणी करणाऱ्याला पीक लागते, पेरणी कोणी व कशी केली याची विचारपूस तो सहसा करीत नाही.

या शिष्टाचाराचे मोठे बलस्थान म्हणजे त्याचे सोपेपण. भांडाराकडे स्वतःची कितीही तपशीलवार पद्धत असो, किमान डब्लिन कोअरच्या रूपात नोंद देणे बंधनकारक, एवढीच अट होती. लहान संस्थाही यात सहभागी होऊ शकल्या. २००२मध्ये मिशिगन विद्यापीठाने अशा नोंदींचे 'ओएआयस्टर' हे संकलन सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेत विज्ञानशिक्षणासाठीचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुले झाले. त्याची सारी मदार या कापणीवरच होती.

कापणीनंतर

गोळा झालेल्या नोंदी पाहिल्यावर केंद्रांना धक्का बसला. २००३मध्ये नाओमी दुशे आणि डायन हिलमन यांनी राष्ट्रीय विज्ञान डिजिटल ग्रंथालयात आलेल्या नोंदींची तपासणी केली. एकेक नोंद न वाचता त्यांनी एका आलेखन-प्रणालीच्या साहाय्याने हजारो नोंदी एकाच वेळी पटलावर मांडल्या, तेव्हा कोणता घटक कोठे रिकामा आहे आणि कोठे एकच मूल्य सर्वत्र उमटले आहे हे नजरेत भरले. त्यांनी दोषांचे चार प्रकार सांगितले : नसलेली माहिती, चुकीची माहिती, गोंधळात टाकणारी माहिती आणि अपुरी माहिती. यांपैकी चुकीची माहिती तुलनेने पकडण्यास सोपी. अपुरी माहिती हा खरा कपटी दोष, कारण ती जेथे निर्माण होते तेथे अपुरी नसतेच. सर्व साहित्य एकाच भाषेतले असलेल्या संस्थेने भाषेचा रकाना का भरावा? सर्व साहित्य छायाचित्रांचेच असेल तर 'प्रकार : छायाचित्र' हे हजार वेळा कोण लिहील?

थॉमस ब्रूस आणि हिलमन यांनी २००४मध्ये गुणवत्तेच्या सात कसोट्या मांडल्या. पूर्णता, अचूकता, उगम, अपेक्षांशी अनुरूपता, तार्किक सुसंगती, समयोचितता आणि सुलभता अशा त्या आहेत. त्यांपैकी 'उगम' ही कसोटी इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष जवळची वाटेल. नोंद कोणी केली, केव्हा केली, कोणत्या आधारावर केली आणि नंतर तिच्यात कोणी बदल केला, हे कळल्याखेरीज तिच्यावर किती विसंबावे हे ठरवता येत नाही. कागदपत्राच्या चिकित्सेत इतिहासकार हेच प्रश्न विचारतो. त्याच सुमारास अमेरिकेतील डिजिटल ग्रंथालयांच्या महासंघाने सामायिक करण्यायोग्य मेटाडेटासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि २००६मध्ये सारा श्रीव्ज, जेन रायली व लिझ मिलेविक्झ यांनी या प्रश्नाची व्यवस्थित मांडणी केली. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की उत्तम स्थानिक नोंद आणि उत्तम सामायिक नोंद या दोन भिन्न वस्तू आहेत. एक दुसरीपासून तयार करावी लागते, ती आपोआप होत नाही.

राष्ट्रीय विज्ञान डिजिटल ग्रंथालयाच्या उभारणीत सहभागी असलेल्या कार्ल लागोझ आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये आपल्याच अनुभवाचे जे परखड परीक्षण केले, ते या क्षेत्रातील प्रामाणिकपणाचा नमुना ठरावे. नोंदी यंत्राने गोळा होतील आणि ग्रंथालय जवळजवळ स्वयंचलित चालेल, अशी मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात भांडारांशी पत्रव्यवहार करणे, बंद पडलेल्या जोडण्या पुन्हा सुरू करणे, सदोष नोंदी शोधणे यात मनुष्यबळ खर्ची पडत राहिले. लागोझ स्वतः या शिष्टाचाराच्या जनकांपैकी एक होते. दार सोपे केल्याची किंमत दारापलीकडच्या माणसाला मोजावी लागली, हे त्यांनीच नोंदवले.

मराठी ग्रंथाची नोंद

मराठी ग्रंथांच्या सामायिक नोंदीचा इतिहास संगणकाच्या बराच आधी सुरू होतो आणि त्याचा उगम ग्रंथप्रेमात नाही, राज्यकारभारात आहे. १८६७च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी अधिनियमाने प्रत्येक छापील ग्रंथाची प्रत सरकारकडे देणे बंधनकारक झाले आणि प्रांतोप्रांतीच्या ग्रंथांच्या त्रैमासिक याद्या राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागल्या. शीर्षक व त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, कर्ता वा भाषांतरकार, विषय, मुद्रण व प्रकाशन स्थळ, मुद्रक, दिनांक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, मुद्रित की शिळाप्रेस, किंमत आणि हक्कधारक असे रकाने कायद्यानेच ठरवून दिले होते. डब्लिन कोअरच्या पंधरा घटकांशी ही यादी ताडून पाहिली, तर जुन्या कायद्याचे रकाने अधिक काटेकोर असल्याचे आढळते. १८५७नंतरच्या सरकारला देशी मुद्रणावर नजर ठेवायची होती आणि नजर ठेवणाऱ्याला अपुरी नोंद चालत नाही. हा अधिनियम २०२३च्या नियतकालिकविषयक कायद्याने रद्द झाला. सरकारी देखरेखीसाठी झालेल्या त्या याद्या मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासकाला आजही उपयोगी पडतात.

यानंतर मराठी ग्रंथाच्या नोंदीला अनेक वाटा फुटल्या. शंकर गणेश दाते यांनी १८००पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची स्वतःच्या हिमतीवर, देवनागरीत, सिद्ध केली. कोलकात्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाकडून १९५८पासून निघू लागलेल्या भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीत सर्व भाषांतील शीर्षके रोमन लिपीत दिली गेली. १९६२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय दिल्लीत सुरू झाले आणि धान्याच्या मोबदल्यात जमा झालेल्या रुपयांतून घेतलेले मराठी ग्रंथ अमेरिकी विद्यापीठांत जाऊ लागले. तेथे त्यांची नोंद दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि मूर्धन्य वर्णाखाली टिंब देणाऱ्या रोमन पद्धतीने झाली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एन. बालकृष्णन यांच्या पुढाकारातून दशलक्ष ग्रंथांच्या प्रकल्पाचा भाग म्हणून भारतीय डिजिटल ग्रंथालय आकाराला आले. त्यातील भारतीय भाषांच्या पुष्कळ नोंदींत तिसरीच पद्धत वापरली गेली : दीर्घ स्वरासाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचे आणि टवर्गीय व्यंजनानंतर एक स्वल्पचिन्ह द्यायचे. या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद झाले. त्यातील लाखो ग्रंथ 'इंटरनेट अर्काइव्ह'वर जतन झाले, ते याच नोंदींसह.

परिणाम असा, की एकाच ग्रंथाचे शीर्षक चार वेषांत चार ठिकाणी हिंडते आणि एका वेषातल्याला दुसऱ्याची ओळख पटत नाही. ग्रंथ डिजिटल झाला, सर्वांसाठी खुलाही झाला, तरी देवनागरीत शोधणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. 'या विषयावर मराठीत फारसे लेखन झालेले नाही' असे विधान प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात केले जाते, त्यामागे कित्येकदा अभ्यासकाचा आळस नसून नोंदीचे हे वेषांतर असण्याची शक्यता आहे.

लिपी देवनागरी ठेवली तरी प्रश्न सुटत नाही. १९६२मध्ये स्वीकारल्या गेलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध असलेले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या ग्रंथांच्या शीर्षकपृष्ठावर ते असतात. वि. का. राजवाडे यांच्या ग्रंथमालेचे नाव 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' असे आहे. नोंदकर्त्याने ते जसेच्या तसे लिहिले तर आजच्या पद्धतीने शोधणाऱ्याला ते सापडेलच असे नाही, आणि आधुनिक केले तर शीर्षकपृष्ठाशी इमान राहत नाही. दोन्ही रूपे द्यावीत हा उपाय जुनाच आहे, पण पर्यायी शीर्षकाचा रकाना भरण्याइतकी सवड असावी लागते. त्यापलीकडे संगणकाचा स्वतःचा एक घोळ आहे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या क्रमांनी साठवता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, यंत्राला दोन शब्द दिसतात. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत भरलेल्या नोंदींची गत तर याहून वाईट, कारण दुसऱ्या यंत्रावर त्या अर्थहीन चिन्हांची रांग होऊन उतरतात.

राजवाडे यांच्या ग्रंथमालेत हार्वर्डच्या घोड्याची पुनरावृत्ती पाहावयास मिळते. १८९८मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि एकूण बावीस खंड निघाले. ग्रंथालयाच्या कपाटात हे खंड ओळीने उभे असतात, तेव्हा दाखलनोंदीत प्रत्येकापुढे केवळ 'खंड ८' असे लिहिले तरी चालते. सामायिक भांडारात तीच नोंद एकटी पोहोचली, तर तो कशाचा आठवा खंड हे कोण सांगणार? उलट बाविसांच्या बावीस नोंदींवर केवळ ग्रंथमालेचे नाव असेल आणि खंडाचा अंक नसेल, तर दुबार नोंदी ओळखणारे यंत्र एकवीस नोंदी खुशाल वगळील.

काळाच्या रकान्यात आणखी एक सापळा आहे. जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा शक दिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७९९ म्हणजे इसवी सन १८७७-७८. नोंदकर्त्याने 'शके' हा शब्द गाळून १७९९ हा अंक तेवढा दिनांकाच्या रकान्यात भरला, तर कालानुक्रमे लावलेल्या यादीत तो ग्रंथ विल्यम कॅरी यांच्या १८०५मधील मराठी व्याकरणाच्याही आधी जाऊन बसेल. स्थानिक ग्रंथपालाला ही विसंगती क्षणात जाणवते. ज्या केंद्रात अनेक भाषांच्या कोट्यवधी नोंदी येतात तेथील यंत्रासाठी मात्र १७९९ हे एक निर्दोष वर्ष असते.

कर्त्याच्या नावाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले. मराठी वाचकाला हे शाळेपासून ठाऊक असते, म्हणून नोंदीत ते लिहिण्याचे कोणाला सुचत नाही. स्त्रीलेखिकांच्या बाबतीत विवाहोत्तर नावाची भर पडते. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची तीन नावे. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा टोपणनावामागील व्यक्ती कोण याविषयी मोठे कुतूहल होते. लेखिकेने नाव दडवले त्याला कारण होते. आजच्या नोंदीने ती तीन नावे एकमेकांपासून तुटलेली ठेवावीत याला मात्र काही कारण नाही. नावांची प्राधिकृत सूची, म्हणजे प्रत्येक व्यक्तीचे एक प्रमाण रूप आणि त्याखाली सर्व पर्यायी रूपे, हा त्यावरील उपाय आहे. तो अनाकर्षक, श्रमाचा आणि कधीही न संपणारा असल्याने त्यासाठी निधी मिळणे कठीण जाते. ग्रंथांच्या प्रतिमांकनाचे आकडे अहवालात शोभून दिसतात, जोडलेल्या नावांचे दिसत नाहीत.

परतीची वाट

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९मध्ये प्रबंधांची डिजिटल प्रत सादर करणे विहित केल्यानंतर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधगंगा' हे भांडार उभारले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. ठिकठिकाणच्या भांडारांतील नोंदी एकत्र आणणे हेच त्याचे मुख्य काम आहे. यामुळे महाविद्यालयातील ग्रंथपाल, लिपिक वा स्वतः संशोधक यांनी भरलेला रकाना थेट राष्ट्रीय पटलावर जाऊ लागला. मार्गदर्शकाचे नाव एका विभागाने 'कुलकर्णी, एस. आर.' असे भरले आणि दुसऱ्याने पूर्ण नाव आडनाव शेवटी ठेवून भरले, तर एकाच प्राध्यापकाचे दोन मार्गदर्शक होतात. विषयाच्या रकान्यात 'इतिहास' एवढेच लिहिले, तर प्रबंध पेशवाईविषयी आहे की फ्रेंच राज्यक्रांतीविषयी हे शीर्षकावरून ताडावे लागते.

हे दोष केंद्रांना दिसत नाहीत असे नाही. संकलन करणाऱ्या संस्था आलेल्या नोंदी शुद्ध करतात, दिनांकांचे रूप एकसारखे करतात, भाषांची सांकेतिक नावे भरतात. अडचण त्यानंतरची आहे. ओएआय शिष्टाचारात एकंदर सहा विनंत्या आहेत : भांडाराची ओळख विचारणे, नोंदींची उपलब्ध रूपे विचारणे, संचांची यादी मागणे, ओळखचिन्हांची यादी मागणे, नोंदींची यादी मागणे आणि एखादी नोंद मागणे. सहाही विनंत्या मागण्याच्या आहेत. केंद्राने केलेली दुरुस्ती मूळ भांडाराला परत कळवण्यासाठी त्यांत एकही विनंती नाही. नोंदीच्या उगमाची माहिती सोबत जोडण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. छापील पत्रकांच्या काळात चूक कळवण्यासाठी एक पत्ता तरी होता. ओसीएलसीने निवडक ग्रंथालयांच्या हाती सामायिक नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार दिला होता. कापणीच्या व्यवस्थेत नोंद पुढे जाते आणि दुरुस्ती जेथल्या तेथे राहते.

त्यामुळे केंद्राने राजवाडे यांच्या आठव्या खंडाच्या नोंदीत ग्रंथमालेचे नाव घातले, तरी मूळ ग्रंथालयाच्या संगणकावर 'खंड ८' एवढेच राहते. काही महिन्यांनी त्या ग्रंथालयाने संकेतस्थळाचा पत्ता बदलला आणि त्यापायी नोंदीवर नवा दिनांक उमटला, की पुढच्या कापणीत ती बदललेली नोंद म्हणून पुन्हा उचलली जाते आणि केंद्राने दुरुस्त्या वेगळ्या जपल्या नसतील तर शुद्ध केलेल्या नोंदीच्या जागी जाऊन बसते.